दोन रिंगा आणि लोकरीची गाठ

फोनवरचा निरोप खरा की खोटा हे तपासायला मला आबांनी शिकवलं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांनी स्वतः तोवर कधी फोन कानाला लावला नव्हता.

आमचं घराणं मेंढरांचं. पावसाळा संपला की आबा, चुलते आणि भावकीतली काही माणसं मेंढरं घेऊन घाटाखाली उतरायची. आमच्या गावी, कोऱ्हाळ्यात मागं राहिलेल्यांना त्यांची खबर लागायची ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडून, आणि त्यांनाही एकमेकांची तशीच. मी लहान असताना एकदा चुलत्यांकडं असाच एक माणूस आला. खांद्यावर आपल्यासारखंच घोंगडं, बोली आपलीच. म्हणाला, तुझा भाऊ ओढ्यापलीकडं तापानं पडलाय, चल. चुलते त्याच्यामागं गेले. ओढ्यात माणसं दबा धरून बसलेली. त्यांनी दगडानं चुलत्यांचा जबडा फोडला आणि राखणीला कोणी उरलं नाही म्हणून मेंढरं हाकून नेली. चुलते जगले, पण पुढं जन्मभर भाकरी दुधात कालवून, ती पातळ करून ओठांतून ओढून घ्यायचे. जेवायला बसले की आम्हा पोरींना बाहेर काढायचे.

तेव्हापासून आबांनी नेम केला. कोणीही निरोप आणला की त्याला आधी विचारायचं, निरोप दिला कोणी, देताना तो कुठं होता, आणि खूण काय. खूण म्हणजे घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट. ती पटली तर निरोप खरा. एवढ्यानंही काम संपायचं नाही. निरोप मिळाला अशी उलट खूण देणाऱ्याकडं परत गेली पाहिजे. नाही गेली तर त्यानं समजायचं, निरोप वाटेतच मेला.

आई लवकर गेली, म्हणून लग्न करून देताना आबांनीच आम्हा दोघी बहिणींच्या कानात एकेक खूण सांगितली. माझी इथं लिहीत नाही. धाकटीची आता लपवून उपयोग नाही. लहानपणी एका एडक्यानं ढुशी मारून तिला विहिरीत पाडलं होतं. विहिरीत पाणी नव्हतं म्हणून ती बुडाली नाही, पण तळाच्या दगडावर डोकं फुटलं आणि केसांत कायमचा वण राहिला. बोलता बोलता 'त्या साली विहीर कोरडी होती' असं आलं की समजायचं, ही तीच.

माझं सासर बारामतीहून भवानीनगरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फाट्यावर. नवरा गुऱ्हाळावर कामाला होता. चरकात ऊस घालताना सदऱ्याची बाही अडकली आणि मागोमाग हात गेला. इंजिन बंद करायला माणूस धावेपर्यंत मनगट उरलं नव्हतं. रसाच्या काहिलीत लाल धार पडली होती असं लोक मला सांगायचे, मी विचारलं नसतानाही. हात गेल्यावर अपंगांच्या कोट्यातून त्यांना एसटीडीची टपरी मिळाली. नव्वदचं दशक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पिवळी टपरी, काचेची खोली, आणि बाजूला पत्र्याच्या आडोशाला आमचं घर. ते पुढं गिऱ्हाईक बघायचे, मी मागं बसून येणारे फोन घ्यायची. मला माणसांसमोर बोलायला जमत नाही, पण फोनवर समोर तोंड नसतं, त्यामुळं तिथं जमायचं.

आजूबाजूच्या वस्त्यांवर तेव्हा फोन थोडे. त्यांचे निरोप आमच्याकडं यायचे आणि आम्ही ते पोचवायचो. पहिल्या वर्षी कोणताही फोन आला की हे लगेच सायकलवर कुणाला तरी धाडायचे. असाच एकदा एका शेतकऱ्याला निरोप गेला, तुझी पाटाच्या पाण्याची पाळी पुढं ढकलली. तो घरी झोपला, आणि त्याचं पाणी दुसऱ्यानं फिरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आमच्या टपरीसमोर एकमेकांना भिडले. एकानं फावडं उलटं धरून घातलं. आवाज नारळ फुटल्यासारखा झाला. काचेवर जे उडालं ते मी दुपारपर्यंत धूत होते.

त्या दिवशी मी ह्यांना आबांचा नेम सांगितला. हे म्हणाले, "मग फोनला बी लाव तोच नेम."

मी लावला. फोन आला की मी विचारायची, कोण, कुठनं, कुणाला, खूण काय. लोक वैतागायचे. एकजण म्हणाला, "बाई, ह्यो फोन हाय का पोलीस ठाणं?" दुसरा म्हणाला की सोयरीक जुळवायची आहे, पोराचं नक्षत्रही सांगू का.  खूण नसेल तर निरोप जायचा नाही. एकदा खूण न सांगता आलेला निरोप मी अडवला, तर तो पाठवणारा स्वतः आला आणि ह्यांच्या थोटक्या हातावर काठी मारून गेला. नंतर कळलं की ज्याला बोलावलं होतं त्याला रस्त्यात गाठायचं ठरलं होतं. हे हातावर हळद लावून बसले होते. म्हणाले, "बरं झालं. त्याला काय, आधीच गेलेला हात सापडला मारायला." आणि हसले. तेव्हापासून लोकही आपणहून खूण सांगू लागले.

धाकटीला भवानीनगरजवळच्या एका वस्तीवर दिली होती. घर मोठं, ऊस, गोठ्यात जर्सी गाया, आणि घरात फोन. नवरा हंगामात कारखान्यावर जायचा आणि एरवी गाया बघायचा. डेअरीत दुधाला फॅट कमी लागली की तो तिला मारायचा. वैरण तू कमी टाकलीस, पाणी तू घातलंस, दूध तू चोरून प्यालीस. मोटारीचा तुटलेला पट्टा त्यासाठी गोठ्याच्या खिळ्याला टांगलेला असायचा. दोनदा ती कोऱ्हाळ्याला पळून आली. पाठीवर पट्ट्याचे वळ होते, एका वळाला पू झाला होता. आबांनी दोन्ही वेळा तिला नेऊन परत घातली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटायचं, नांदणारी लेक एकदा माघारी ठेवली की तिला कुठंच घर राहत नाही.

मग आम्ही बहिणींनी आपसात ठरवलं. सासू गोठ्यात गेली की ती आमच्या टपरीला फोन लावायची आणि आम्ही उचलायच्या आत ठेवून द्यायची. दोन रिंगा वाजून थांबल्या की ती बरी आहे. एक रिंग, थोडं थांबून परत एक, म्हणजे मार बसलाय पण निभावेल. आणि उचलेपर्यंत वाजतच राहिला आणि पलीकडून कोणी बोललं नाही, तर या आणि मला न्या.

पण दोन रिंगा कोणाच्याही वाजू शकतात. पहिल्याच महिन्यात माझी एकदा गाळण उडाली. फोन वाजत राहिला, उचलला तर पलीकडं नुसती खरखर. मी आबांना कळवायला निघाले होते, तेवढ्यात परत वाजला. कुठल्या तरी व्यापाऱ्याची लाईन खराब होती. तेव्हा कळलं की एका वाटेवर भरवसा ठेवून चालणार नाही. दुसरी वाट हवी.

ती दुसरी वाट दुधाच्या टेम्पोची. तो रोज सकाळी भवानीनगरच्या बाजूनं दूध घेऊन बारामतीला जायचा आणि आमच्या फाट्यावर चहाला थांबायचा. टेम्पोवाल्याला सगळे तात्या म्हणायचे. धाकटीच्या घरचा कॅन वेगळा होता, त्याच्या गळ्यावर निळा रंग. ती त्याच्या कानाला लोकर बांधायची. बरी असली की पांढरी. फोन जे सांगेल ते कॅननंही सांगितलं पाहिजे. दोन्ही जुळलं तर खरं, आणि जुळलं नाही तर त्यातलं वाईट ते खरं धरायचं. काळी लोकर म्हणजे ये. मी तात्यांना पाणी द्यायच्या निमित्तानं टेम्पोमागं जायची, लोकर सोडून घ्यायची आणि दुपारी रिकामा कॅन परत जाताना तशीच लोकर बांधून द्यायची. निरोप पोचला, अशी उलट खूण. तात्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना वाटायचं, कसला तरी नवस असेल.

गाठ आम्ही लहानपणापासून मारत आलो ती. कोकरं दावणीला बांधताना मेंढका एक गाठ मारतो. कोकरानं कितीही ओढलं तरी ती सुटत नाही, गळ्याला आवळतही नाही, आणि आपण एक टोक खेचलं की मोकळी होते. आबांनी आम्हाला ती बोलायला शिकायच्या वयात शिकवली होती. धाकटीची गाठ मी डोळे मिटून सोडायची.

असं दीड-दोन वर्षं चाललं. बहुतेक दिवस पांढरी. मधूनमधून एक रिंग आणि परत एक, तेव्हा मी दिवसभर काही खाऊ शकायची नाही.

मग हंगामातली एक सकाळ आली. फोन वाजतच राहिला. मी उचलला, पलीकडं श्वास होता आणि लगेच ठेवल्याचा आवाज. थोड्या वेळानं टेम्पो आला. निळ्या कॅनच्या कानाला काळी लोकर, तिच्या गाठीची.

आबा वयामुळं आता घाटाखाली उतरत नव्हते, कोऱ्हाळ्यातच असायचे. मी तिथल्या टपरीला फोन लावून त्यांना निरोप दिला. कोण, कुठनं, खूण, सगळं नीट. आबांचा परत निरोप आला की उद्या सकाळी माणसं घेऊन येतो. दुपारी मी रिकाम्या कॅनला काळी लोकर बांधली.

संध्याकाळी अजून एक फोन आला. ह्यांनी उचलला आणि नेहमीसारखं टपरीचं नाव सांगितलं. पलीकडून कोणी बोललं नाही. फोन ठेवला गेला. हे म्हणाले, चुकून लागला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला आणि मी उचलला, तर धाकटी बोलत होती. दीड-दोन वर्षांत फोनवर तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"अक्का, मी बरी हाय. काल उगंच राग आला मला. आबांना सांग, येऊ नका. त्या साली विहीर कोरडी होती, तरी मी जगले ना. आता बी काय हुत न्हाय मला."

आवाज सरळ होता. मी विचारलं, जेवलीस का. ती म्हणाली, हो. आणि फोन बंद झाला.

कोण बोलतंय, ते मला ठाऊक होतं. कुठून, तेही. खूण तिनं न विचारता दिली होती. आबांच्या नेमात बसत नाही असं त्या फोनमध्ये काहीच नव्हतं.

आबा, माझा भाऊ आणि भावकीतले दोघं एसटीनं आले. आबांच्या हातात मेंढरांमागं वापरायची काठी. मी ह्यांच्या तोंडून त्यांना फोनचं सांगितलं. आबांनी एकच विचारलं, "खूण पटली?" मी मान हलवली. त्यांचा चेहरा सैल झाला. ते बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "मग जाऊन काय करायचं? उगं पोरीच्या संसारात काडी कशाला?" भावकीतल्या एकानं चहा सांगितला. उसाचा भाव, कारखान्याची निवडणूक, असलं बोलणं सुरू झालं.

तेवढ्यात तात्यांचा टेम्पो आला. मी मागं गेले. निळ्या कॅनच्या कानाला पांढरी लोकर होती. म्हणजे सगळं जुळलं. फोन बरा, कॅन बरा.

मी गाठ सोडायला बोटं लावली आणि ती सुटेना. टोक खेचलं तर आणखी आवळली. ती गाठ नव्हतीच. लोकर नुसती गुंडाळून, कशीतरी अडकवून, पिळून घट्ट केली होती. आणि ती ओली होती. लहान मूल किंवा दावणीला कधी हात न लावलेली बाई असं बांधेल. मला वाटलं, हे सासूचं काम. लोकर त्यांना कळली, रंग कळला, पण गाठ कोणी सांगितली नाही.

मी ह्यांना हळूच सांगितलं. हे म्हणाले, "मी सांगून त्यास्नी पटायचं न्हाय. मला गाठीतलं काय कळतंय? तूच सांग."

चार पुरुषांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. लोकर मुठीत होती. मी जाऊन आबांसमोर मूठ उघडली आणि गाठ दाखवली. आबांनी ती बोटांत फिरवून बघितली.

"घाईत बांधली आसंल," ते म्हणाले.

"घाईत बी आपला हात चुकत न्हाय, आबा."

भावकीतला एकजण चहा पीत म्हणाला की आता बायका दोऱ्यावरून कज्जे काढणार का. दुसरा म्हणाला, लेकीनं स्वतःच्या तोंडानं खूण सांगितली, याच्यावर काय पाहिजे. आबा गाठीकडं बघत होते. त्यांनी सगळं आयुष्य ज्या नेमावर काढलं त्यानंच सांगितलं होतं की जाऊ नको. मला त्यांचा राग आला नाही. ते जबडा फुटलेल्या भावाशेजारी बसून जेवलेले होते.

मी म्हणाले, "खूण तिची हाय, आबा. गाठ तिची न्हाय. खूण कुणी तिच्याकडनं वदवली, ते आपल्याला कुठं दिसलं?"

ते उठले नाहीत. भवानीनगरकडं जाणारं वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप, रस्त्याला थांबलं होतं. मी त्यात जाऊन बसले. टपरी सोडून एकटी मी बारामतीच्या बाजारालाही गेले नव्हते. जीप सुटायच्या आधी आबांची काठी आत आली, मग आबा, मग भाऊ. भावकीतले दोघं चहा संपवत राहिले.

वस्तीवर सासू अंगणात शेण गोळा करत होती. आम्हाला बघून तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "या की. ती गेलीया उसात, वैरणीला." आबा तिथंच थांबले. मी थांबले नाही. गोठ्याच्या बाजूनं गेले. खिळ्यावर पट्टा नव्हता. कडब्याच्या खोलीला बाहेरून कडी होती.

कडी काढली. धाकटी कडब्यावर भिंतीला टेकून बसली होती. एक डोळा मिटलेला, ओठ फाटून वाळलेला. उजवा हात तिनं मांडीवर ठेवला होता, जसा दुसऱ्याचा हात सांभाळायला घेतलाय. बोटं निळी होती आणि सगळी एका दिशेला नव्हती.

मी तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, "अक्का, लोकर मीच बांधली."

"तू?"

"सासू म्हनली, तूच बांध, तुझ्या हातची वळखत्याल ती. मी दातानं बांधली. गाठ जमंना."

मग तिनं थोडं थोडं सांगितलं. माझी काळी लोकर रिकाम्या कॅनला नवऱ्यानं बघितली. त्याला संशय आला. फोनला एक बटण असतं, ते दाबलं की शेवटचा नंबर आपोआप लागतो. ते त्यानं दाबलं, आणि पलीकडून माझ्या नवऱ्यानं टपरीचं नाव सांगितलं. मग त्यानं तिचा हात कडबाकुट्टीच्या, म्हणजे कडबा कापायच्या यंत्राच्या लोखंडी कडेवर ठेवला आणि एकेक गोष्ट विचारली. रिंगा. लोकर. खूण.

बाहेर मोटारसायकल थांबली. धाकटीच्या नवऱ्याबरोबर त्याचा भाऊ होता. दोघं उसातून आले होते, नवऱ्याच्या हातात कोयता. आबा काही बोलायला पुढं झाले, हात जोडल्यासारखे. त्यानं त्यांना छातीवर ढकलून पाडलं. माझा भाऊ मधे पडला आणि कोयत्याचं टोक त्याच्या दंडातून खाली आलं. सदरा फाटला आणि आतलं पांढरं दिसलं, मग ते लाल झालं. मी धाकटीच्या कमरेला धरून तिला दाराबाहेर आणत होते. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि मागं ओढलं. ती ओरडली नाही, नुसता घशातून वारा निघाला. तिचं डोकं मागं वाकलेलं बघून मला पुढचं काही सुचलं नाही. त्याचं मनगट माझ्या तोंडासमोर होतं. मी चावले.

मी सोडलं नाही. त्यानं दुसऱ्या हातातल्या कोयत्याच्या मुठीनं माझ्या पाठीत घातलं, परत घातलं. माझ्या दातांखाली काहीतरी तुटलं आणि तोंडात रक्त आलं, त्याचं. त्याची मूठ सुटली. तेव्हाच काठी त्याच्या गुडघ्यावर बसली. आबा अजून जमिनीवरच होते, तिथूनच त्यांनी मारली होती. तो कोसळला. आबांनी उठून परत मारली. मेंढरावर झडप घालणाऱ्या लांडग्याला मारतात तशी, थांबून, जागा बघून. त्याचा भाऊ मागं सरला. सासू छाती बडवून ओरडत होती की माझ्या पोराला मारलं. आबांचा हात तिसऱ्यांदा वर गेला, तेव्हा धाकटीच म्हणाली, "आबा, बास. चला."

उसाच्या सरींमधून आम्ही रस्त्याकडं निघालो. फडात तोडणीवाल्यांची टोळी होती. कोयते हातात धरून सगळे बघत उभे राहिले. त्यांच्यातल्या एका बाईनं काही न विचारता आपलं डोक्याचं फडकं सोडून भावाच्या दंडाला बांधलं. वडापवाला रक्त बघून घ्यायला तयार नव्हता. म्हणाला, पोलीस मलाच विचारतील. आबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि त्यानं मागची फळी पाडली.

 जीपमध्ये आबांनी धाकटीला विचारलं, पण तिच्याकडं न बघता, "खूण का सांगितलीस त्येला?"

"न्हाय सांगितली तर दुसरा हात म्हनला."

आबांनी डोळ्यांवर हात ठेवला. बारामती येईपर्यंत काढला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिची बोटं ओढून जागेवर बसवली. मी तिचं डोकं पोटाशी धरलं होतं. प्रत्येक बोटाला तिच्या अंगातून जो झटका यायचा तो माझ्या अंगातून जायचा. दोन बोटं पुढं कधीच वाकली नाहीत. भावाच्या दंडाला टाके पडले.

दुपारी हवालदार जबाब घ्यायला आला, आणि त्याच्याबरोबर सासरकडचा एक वजनदार माणूस, पांढऱ्या कपड्यांतला. तो गोड बोलत होता. म्हणाला, कडबाकुट्टीत हात सापडतो, आपल्याकडं नेहमीचं आहे, तसंच लिहा, दोन्ही घरांची अब्रू राहते. पोरगी चार दिवसांनी बरी होऊन नांदायला येईल, मी जामीन. तिच्या नवऱ्याचा गुडघाही फुटलाय, ते आम्ही विसरतो, तुम्ही हे विसरा. बोलता बोलता त्यानं आबांचा हात हातात घेतला होता.

हवालदारानं धाकटीला विचारलं, "सांगा बाई, हात कशात गेला?"

ती आबांकडं बघत राहिली. दोनदा तिला माघारी नेऊन घालणारा माणूस तोच होता. 

आबांनी आपला हात सोडवून घेतला. म्हणाले, "झालं ते सांग. मी हाय हितं."

तिनं सांगितलं. थांबत, पाणी मागत, पण सगळं. पांढऱ्या कपड्यांचा माणूस मधेच उठून गेला.

त्याच आठवड्यात सासरकडच्यांनी आमची टपरी फोडली. काचेची खोली, यंत्र, बाकडं. ह्यांना रस्त्यावर आणून तुडवलं. एक बरगडी मोडली. मी दवाखान्यात होते, म्हणून वाचले असं लोक म्हणाले. फाट्यावर बरेच दिवस फोन नव्हता, आणि आसपासच्या वस्त्या आम्हालाच नावं ठेवत होत्या.

धाकटीला सोडलं त्या दिवशी दवाखान्याच्या दारात भावकीतली माणसं जमली होती. टपरीवर चहा पीत राहिलेले दोघंही होते. त्यांनी आबांना बाजूला घेऊन समजावलं की केस मागं घ्या, पोरगी तरणी आहे, तुम्ही किती दिवस पुरणार. आबांनी सगळं ऐकून घेतलं.  मग कोऱ्हाळ्याची एसटी लागली तशी तिला घेऊन चढले.

गाडीत गर्दी होती, बसायला जागा नव्हती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा खांदा सुजलेला, दांडी धरता येईना. आमच्यात बाप वयात आलेल्या लेकीला हात लावत नाही. आबांनी काठी बाकाखाली सरकवली, एका हातानं दांडी धरली आणि दुसरा हात तिच्या कमरेला घातला. खाली उभे असलेले भावकीतले बघत होते. गाडी सुटली. खिडकीतून मला दिसलं, ती त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकवून उभी होती, आणि आबा तिच्या डोक्यावरून सरळ पुढं रस्त्याकडं बघत होते.